उशिरा आलेला निबंध परत

१२ जुलै १९३७, सोमवार
आजपासून मॅट्रिकच्या वर्गाला कायदा. निबंध दर शनिवारी साडेदहाच्या आत टेबलावर. नंतर आला की परत. उद्या हीच पोरं सेक्रेटरिएटात कारकून होणार. साहेब काय यांच्यासाठी थांबून राहणार आहे? सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. पटलं असावं.

१७ जुलै, शनिवार
निबंध मूठभर. श्रीधर उशिरा आला. म्हणे आईला ताप. वही परत केली. चेहरा पडला त्याचा. पडू दे.

२० जुलै
घरीही हाच कायदा. गेल्या महिन्यात देवकीनं ताट उशिरा वाढलं, मी न जेवता उठलो. दुसऱ्या दिवशी ती काटोलला माहेरी गेली. हवापालट, दुसरं काय! खाणावळीत वेळेवर मिळतं. चव कळत नाही.

८ ऑगस्ट, रविवार
मेहुणा वसंत येऊन गेला. देवकीचा निरोप: पोळ्यापर्यंत न्यायला या, नाही तर येऊच नका. वर स्वतःच्या मनानं म्हणाला, भाऊजी, काटोल काय विलायतेत आहे? काहून जात नाही? म्हटलं, निबंध तपासायचे आहेत. पुढच्या रविवारी नक्की.

१५ ऑगस्ट
डोकं जड. पुढच्या रविवारी.

२२ ऑगस्ट
तपासणी. अजून वेळ आहे.

२९ ऑगस्ट
पक्कं. पोळ्याच्याच दिवशी, सकाळच्या गाडीनं. कोट इस्त्रीला दिला.

४ सप्टेंबर, शनिवार. पोळा
पोरं म्हणाली होती, सर, सुट्टी आहे. मी म्हटलं, तारीख म्हणजे तारीख. मग मलाच शाळेत बसावं लागलं. साडेदहा वाजले. एकही नाही. चपराशी कवडू म्हणाला, मास्तरसाहेब, आज कचेऱ्याबी बंद, तुमी काहून बसून राहिले? म्हटलं, उशिरा कोणी आलंच तर परत करायला माणूस नको का? पाचपर्यंत बसलो. कोणी आलं नाही.

५ सप्टेंबर, रविवार
काटोल. एका दिवसानं काय होतं!
सासूबाईंनी पाट मांडला, गरम वाढलं, आग्रह केला. पाहुण्याला करतात तसा. देवकी दारात उभी. म्हणाली, काल दिवसभर ट्रंक भरून बसले होते. आता येत नाही. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी निबंधांचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, परतीची गाडी केव्हाची? म्हटलं, सव्वापाचची. म्हणाली, निघा मग, चुकेल.
वेळेवर पोचलो. गाडीच लेट होती. दिवेलागण होईपर्यंत फलाटावर बसून राहिलो. त्यांचं घर तिथून दिसतं. बोलवायला कोणी आलं नाही.