चौऱ्याण्णव टक्के निळे

३ मार्च
आले एकदाची! प्रयोगशाळा झकास, आत्याकडची वरची खोली त्याहून झकास. फक्त आत्याचं "अजून एक घास" आवरायला हवं. माझं काम म्हणजे गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या रक्तातला डीएनए काढायचा, त्यातल्या सहा जागा वाचायच्या आणि त्या माणसाचे डोळे निळे, तपकिरी की मधल्या रंगाचे, याची टक्केवारी द्यायची. साहेब म्हणाले, मन लावून करा. हे काय सांगायला हवं?

६ मार्च
पहिलंच प्रकरण खुनाचं. मेलेल्या बाईच्या नखांत मारेकऱ्याचं रक्त होतं. इतकं खराब झालेलं, की थेट जुळवणी होईना. सहा जागा मात्र वाचता आल्या. पकडलाय एका सुताराला, त्याचे डोळे तपकिरी. मी तीनदा तपासलं, तिन्ही वेळा चौऱ्याण्णव टक्के निळे. साहेब म्हणाले, तपकिरी लिहा. डोंबलाचं तपकिरी! सुताराची बायको दिवसभर आमच्या फाटकाशी बसून असते. मी साफ नाही म्हटलं.

९ मार्च
सकाळी आरशात पाहिलं तर माझ्या तपकिरी बुबुळांना निळी कड. शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीनं मान खाली घालून सांगितलं, की इथून जो रंग निघतो त्याचा माणूस मिळावाच लागतो. नाही मिळाला तर तपासणाराच तसा होतो. साहेबांचंही झालं होतं म्हणे. त्यांनी रिपोर्ट बदलला, दुसऱ्या दिवशी डोळे पूर्वीसारखे. आणि कोणीतरी निरपराध आत गेला! भीती वाटली, पण त्याहून जास्त संताप आला.

१० मार्च
अर्धे निळे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, जन्मापासून असतील.

११ मार्च
पूर्ण निळे. आत्या म्हणाली, वेडी की काय, तुझे कायमचेच निळे. शाळेतला फोटो काढला — त्यातही —
साहेब म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, एक शब्द तर बदलायचाय. तरी नाही म्हटलं.

१२ मार्च
लिहिलं. निळे. सही केली. रिपोर्ट गेला.

१३ मार्च
सुतार सुटला! त्याची बायको आभार मानायला धावत आली, माझ्या डोळ्यांत पाहिलं — आणि मागे सरली.

१४ मार्च
दुपार. खाली पोलिसांची गाडी थांबलीय. जिन्यावर बूट. आत्या सांगतेय, वरच आहे —
घाबरलेय. हो, घाबरलेय! पण सुताराला परत आत नाही घालणार. मेले तरी —
दार वाजतंय.
विचारतील, हे डोळे कुणाचे. सांगेन, तुमचे, तुम्हीच दिलेत. पण सही मा—