लोकांच्या कोऱ्या कॅसेटी

२ सप्टेंबर १९९७, मंगळवार

आज परत पार्सल! शिलाँगहून. चार कोऱ्या कॅसेटी, परतीची पोस्टाची तिकिटं आणि ह्यांच्या नावाने इंग्रजी चिठ्ठी — डियर शेखर म्हणून. पोस्टमन कान्हा दारात घुटमळला. "वहिनी, कळवा की आता त्यांना. किती दिस येत राहनार?" मी सही करून घेतलं.

एकूण सात पार्सलं झाली, सहा जणांची. कपाटावर ओळीने ठेवलीत.

हे गेले त्याला अडीच महिने झाले. गेले म्हणजे — तानसा तलावाच्या काठावर कपडे, चपला, घड्याळ. मी माहेरी होते. मला न्यायला आले होते. जेवायच्या आधी जरा डुंबून येतो म्हणाले. ताट वाढलेलं तसंच राहिलं, आमटीवर पापुद्रा धरला. पाणबुडे तीन दिवस उतरले, काही लागलं नाही. ह्यांचा छोटा टेप रेकॉर्डर बरोबर होता, तोही मिळाला नाही. काठावरून कुणीतरी उचलला असणार, असं सगळे म्हणतात.

मी रडत नाही म्हणून बायका काळजीत आहेत. मी पण बघते आहे कधी येतंय ते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

घरोघर गणपती. आमच्याकडे नाही. सुतक धरायचं की नाही यावर दोन दिवस खल चालला होता. भटजी म्हणाले, देह मिळाला नाही तर सुतक कसलं? ज्ञानेश्वर भावजी — ह्यांचे थोरले भाऊ — म्हणाले, "मग काय मोदक करायचे?"

मी उठून ताक घुसळलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

शेजारच्या गिरजाकाकींची वाटी आमच्याकडे राहिली होती. सासूबाई ती परत द्यायला निघाल्या. जाताना डब्यातले मूठभर पोहे वाटीत घातले. परत आल्यावर कपाटाकडे बघून म्हणाल्या, "ही बोचकी कसली गो?"

सांगितलं. हे मुंबईला मोठमोठ्या बँडच्या कार्यक्रमांना जायचे आणि गुपचूप रेकॉर्ड करून आणायचे. अशी वेड लागलेली माणसं देशभर आहेत. एकमेकांचं तोंडही न बघता पोस्टाने कॅसेटी धाडतात. कोरी पाठवायची, भरलेली परत घ्यायची. विकायची मात्र नाही. विकणाऱ्याला त्यांच्यात वाळीत टाकतात.

"म्हंजे लोकांची भांडीच की ही!" सासूबाई म्हणाल्या. "रिकामं भांडं कुनाच्या दारी नेत नाय. भरून दे नि मोकळी हो."

मोकळी हो! बाईने एका वाक्यात निकाल लावला.

१० सप्टेंबर, बुधवार

ह्यांच्या दोन कॅसेटींच्या डबल डेक टेपवरचं फडकं काढलं. डावीकडे भरलेली, उजवीकडे कोरी. घाईने कॉपी केली तर आवाज खराब होतो, असं हे म्हणायचे. म्हणजे पंचेचाळीस मिनिटांची बाजू भरायला पंचेचाळीस मिनिटं. तेवढ्यात तांदूळ निवडून होतात.

गाणं मला कळत नाही. आधी ढणढण, मग किंचाळणं, मग परत ढणढण. पण मधलं ऐकू येतं. कुणीतरी खोकतं. कुणी मित्राला शोधतंय — "बाळ्या, कुठं मेलास!" चणेवाला पण आहे एके ठिकाणी. फक्त हे नाहीत. माइक कॉलरखाली, रेकॉर्डर पोटाशी. म्हणून टाळी नाही, शिट्टी नाही, शब्द नाही. चार हजार माणसं नाचताहेत आणि त्यांच्यात हा माणूस खांबासारखा उभा!

घरी पण तसेच होते. लग्नाच्या तीन वर्षांत मी टाळी काय, नीट वाक्य ऐकलं नाही. "मीठ कमी आहे" एवढंच लांबलचक.

१३ सप्टेंबर, शनिवार

बाजू संपायला चार मिनिटं असताना लाईट गेली. परत पहिल्यापासून.

१४ सप्टेंबर, रविवार

परत गेली. परत पहिल्यापासून. तांदूळ निवडून संपले, आता तूर घेतली आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

भावजींनी बैठक बसवली. सर्वपित्रीला दर्भाचा पुतळा करून दहन करायचं म्हणतात. त्याशिवाय पितरांत घेता येत नाही, जीव मधेच लटकत राहतो. ह्यांच्या लहानीकाकू माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, तू हो म्हन. तुज्या तोंडून यायला पायजे."

मी हो म्हटलं. सासूबाई उठून गोठ्यात गेल्या. गोठ्यात काही काम नव्हतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

झालं. दर्भाचा पुतळा, हातभर. त्यावर ह्यांचा वायरमनच्या कामावरचा निळा शर्ट पांघरला. गवतच ते, दोन मिनिटांत खेळ आटोपला. ज्ञानेश्वर भावजी मात्र धाय मोकलून रडले. इतके रडतील असं वाटलं नव्हतं.

लहानीकाकूंनी बांगड्या उतरवल्या. फोडल्या नाहीत, साबण लावून काढल्या. चांगली बाई. मला भूक लागली होती. सांगायची लाज वाटली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पुण्याचं पार्सल पूर्ण.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लक्ष्मीपूजन. दोन कॅसेटी झाल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मडगावच्या डिमेलोचं पत्र. त्याची भांडी भरून गेल्या महिन्यात पाठवली होती. डिक्शनरी घेऊन वाचलं. म्हणतो — शेखर, तुझ्या कॉप्या पूर्वीपेक्षा स्वच्छ येतात, काय बदललंस? मला हसू आलं! रोज कापसाने टेपचं हेड पुसते रे बाबा, हे आळशी होते.

सासूबाईंनी विचारलं, काय लिहिलंय? सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला ठाव नाय?" नाही. कुणालाच नाही. चिठ्ठीखाली मी शेखर म्हणूनच सही करते. भात झाकून त्या म्हणाल्या, "सांग की गो त्यांना."

सांगायचं आहे. लिहायला बसते. "शेखर" लिहून होतं, पुढचा शब्द लिहिला जात नाही. पुतळा जाळला, बांगड्या गेल्या, रेशनकार्डावर रेघ मारून आणली. पण ते वाक्य माझ्या हाताने कागदावर आलेलं नाही. लिहिलं की झालं मग. म्हणून मी कॅसेटी भरते. सगळ्यांना वाटतं सून कामाला लागली.

९ डिसेंबर, मंगळवार

आज घोटाळा केला. कॅसेटी उलट्या घातल्या — कोरी डावीकडे, भरलेली उजवीकडे. पवईच्या कार्यक्रमाची अख्खी एक बाजू साफ पुसली गेली. पंचेचाळीस मिनिटं मी समोर बसून तूर निवडत होते आणि खोलीत आवाज नाही हे मला कळलं नाही!

त्याचंच जास्त वाटलं. पुसल्याचं नाही, कळलं नाही त्याचं.

१० डिसेंबर, बुधवार

पुसली तर पुसली. असं स्वतःला तीनदा सांगितलं.

४ जानेवारी १९९८, रविवार

शेवटचं पार्सल काल गेलं. कपाटाचा माथा रिकामा. पुसून घेतला.

मुरबाडला अंगणवाडी सेविकेची जागा निघाली आहे. भावजी स्वतः अर्ज घेऊन आले. "बारावी झालीस, घरात बसून काय करशील?" मला वाटलं होतं अडवतील. माणसाचा अंदाज येत नाही. अर्जात एक रकाना आहे — विवाहित / अविवाहित / विधवा. विधवावर खूण केली. पेन अडकलं नाही.

मग तसंच उठून सहा पोस्टकार्डं घेतली. सहाही जणांना तेच वाक्य. माझे पती शेखर १४ जून १९९७ रोजी वारले. कृपया कॅसेटी पाठवू नयेत. इंग्रजीत. खाली स्नेहल. पहिल्यावर अक्षर वाकडं आलं, सहाव्यापर्यंत सरळ झालं.

सासूबाईंना वाचून दाखवलं. "बरं केलंस," म्हणाल्या. मग बराच वेळ चुलीपाशी पाठ करून बसल्या.

१९ जानेवारी, सोमवार

आठवडाभर अंगात ताप होता. कार्डं अजून इथेच. गुरुवारी मुलाखतीला मुरबाडला जायचंच आहे, तेव्हा टाकीन.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी निघताना कान्हा पार्सल घेऊन आला. मडगावहून. यात कोरी नाही, भरलेली एकच कॅसेट. डिमेलो लिहितो — ही भेट, बदल्यात काही नको. इथे समुद्रावरच्या हॉटेलात एक नवा वायरमन आला आहे, त्याने रेकॉर्ड केली. कमी बोलतो. त्याला तुझ्या कॅसेटी ऐकवल्या, तर सगळ्या ऐकल्या आणि काहीच बोलला नाही.

हेडफोन लावला. गर्दी इंग्रजीत उलटे आकडे मोजते आहे. मग एकच गलका — हॅपी न्यू इयर, नाइन्टी एट! आणि माइकच्या अगदी जवळून, आमच्या बोलीत, ह्यांचा आवाज — "पाय दुखले का गो? टेक जरा माज्यावर."

तीनदा ऐकलं. माझे पाय दुखतात का असं तीन वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. राग आला. जूनपासून पहिल्यांदा काहीतरी आलं — आणि ते हे!

मुरबाडची एसटी गेली. सासूबाईंना हाक मारली. ओले हात पदराला पुसत त्या आल्या. हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला आणि कॅसेट सुरू केली.