झडपेचं माप

वरठी

चि. दामिनी,

फूड ट्रकसाठी धुरावर मांस शिजवायची भट्टी बनवून घ्यायला तुझा नवरा माझ्या वर्कशॉपवर आला. तुमच्या लग्नाला मी आलो नव्हतो, म्हणून ओळखणार नाही असं त्याला वाटलं. मापं विचारायला त्याने फोन लावला, तर पलीकडून तुझा आवाज: "मी डावखुरी आहो, दार तसंच ठेवाले सांग." मी आपला पत्रा कापत राहिलो.

भट्टी झाली, पण धुराड्याची झडप मुद्दाम बसवली नाही. तो न्यायला आला तेव्हा म्हटलं, "चालवणाऱ्याच्या हाताचं माप लागते. त्याले घेऊन या."

"मीच चालवतो, काका."

"मंग डाव्या हातानं दार उघडून दाखवा बरं!"

तो गडबडला. रविवारी आणतो म्हणाला.

मला कळलंय हे तुला समजलं, तर तू येणार नाहीस. म्हणून हे पत्र पाठवत नाही. तुझ्या आईलाही अजून सांगितलेलं नाही.

रविवारी वर्कशॉपवरच असणारा,
बाबा