रॉकेटसाठी राखलेलं कोनं

१४ डिसेंबर, कुंभारवाडा
लाँच पुन्हा पुढं ढकललं! इंधनाची झडप गळते म्हणे. आमची कंपनी बोलते आकाशाएवढं आणि अडते एका झडपेपाशी. मला सुट्टी मिळाली, तेवढंच. बाबा सारखे खोकतात, वाळून काडी झालेत. बेळगावला दाखवूया म्हटलं तर — "आधी तुझं रॉकेट उडू दे गो, मग बघू."

गावात सगळ्यांनी कोनं काढली, उकडून खायचे कंद. फणसाखालचं मोठं कोनं तेवढं बाबांनी जमिनीत राखलंय. देवाला नारळ ठेवून नवस बोललेत — रक्षाचं रॉकेट उडाल्याबिगर काढायचं न्हाई, आणि मग पयलं देवाला. आई चिडते. उंदीर खातील म्हणते.

१५ डिसेंबर
बाबांना सगळं सांगितलं. पूर्वी रॉकेट सरकारच सोडायचं, आणि अख्खं वाया जायचं. आता खाजगी कंपन्या खालचा भाग परत उतरवतात, पुन्हा उडवतात. आमचं पहिलं मात्र समुद्रात जाणार. पुढचं उतरवायचं.

"व्हय की! कोनं खाल्लं तरी वरची मुंडी परत खड्ड्यात लावतोच न्हवं, पुन्ना उगवायला?"

हसले, आणि मग किती वेळ खोकत राहिले. मला बघवेना.

२० जानेवारी, चेन्नई
चुलतभाऊ विनोददादा रामनगरहून ट्रक घेऊन आला. बाबांनी पोत्यातून कोनं धाडलंय! कुणाच्या तरी शेतातलं मागून घेतलं असणार. उकडून, मीठ-मिरची लावून ऑफिसात वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या श्वेतानं तीनदा घेतलं. बाबांना फोन लागला नाही. तिकडं रेंज कुठली!

९ फेब्रुवारी
बाबा गेले. मी पोचेपर्यंत थांबले नाहीत.

२८ मार्च, चेन्नई
उडालं. सगळे नाचले. खालचा भाग समुद्रात गेला, ठरल्याप्रमाणे. मी जिन्यात बसून रडले. आता घरी जाऊन बाबांचा नवस फेडायचा.

२ एप्रिल, कुंभारवाडा
फणसाखाली खणलं. कोनं नाहीच! नुसती मुंडी, कोंब आलेली.

आई म्हणाली, "तुला धाडलं त्ये ह्येच. देवाची माफी मागून काढलं त्येंनी. म्हनले, पोरीचं उडंल, पन तवर मी न्हाई ऱ्हायाचा."

माती परत ओढली. कोनं गोड होतं, बाबा. सांगायचं राहिलं.