बाबांनी बांधलेली मोटार

७ मे २००७, सोमवार
शेठच्या कारखान्यात भारनियमन संपून लाइट आली, रंगाचा कॉम्प्रेसर नुसता घुमला आणि एमसीबीचा खटका पडला. वर केला, पुन्हा पडला. कपाटं रंगायची तशीच उभी. शेवटी रंगारी बबनने वैतागून स्प्रे गनने टाकीतली हवा उडवली, तेव्हा चालू झाला.

शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "धम्मा, तेरे बाप की नजर गई. शनिवार तक ठीक कर, नहीं तो मोटार अंबरनाथवाले को दूंगा."

कॉम्प्रेसरची जळलेली मोटार गेल्या महिन्यात बाबांनीच नवी तार गुंडाळून बांधून दिली होती. इथल्या कॅम्प दोनमधलं वाइंडिंगचं काम शेठच्या शब्दावर बेलवलीला बाबांकडे येतं. तो शब्द गेला की बाबांचं दुकान गेलं.



८ मे
करंट मोजायचा टंग टेस्टर मागून आणला. चालत्या मोटारीचा करंट प्लेटवर लिहिलाय तेवढाच – दोनदा बघितला. मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर नवा टाकला. लाइट गेली, आली – एमसीबी पडलाच.

मग वाइंडिंगच? बाबांना आता पेपरही हातभर लांब धरावा लागतो.

९ मे
बाबांनी विचारलं, "मोटार कशी चाललीय रे?"
"मस्त," म्हटलं. खोटं. आईचा भाकरी थापणारा हात जरा थांबला.

१० मे
सापडलं बहुतेक! टाकी भरून मोटार आपोआप थांबते, तेव्हा पाइपातली हवा फुस्स करून सुटते. मग पुढच्या वेळी ती हलकी सुरू होते. लाइट जाऊन थांबली तर फुस्स होत नाही. हवा कोंडून राहते, आणि लाइट येताच मोटारीला त्या दाबावर उठावं लागतं.

बटण बंद केलं तरी हवा सुटायला हवी, पण ते तर आम्ही कधीच बंद करत नाही. लाइट गेली की सगळे टपरीवर. कॉम्प्रेसर घुमला की चहा टाकून परत. तीच आमची घंटा. पहिलं वाइंडिंगही असंच जळलं असणार. तेव्हा एमसीबी नव्हता, फ्यूजमध्ये जाड तार होती, ती उडालीच नाही.

११ मे
शुक्रवार, कारखान्याची सुट्टी. चूक निघाली तर? दिवसभर तेच.

१२ मे
लाइट जाताच कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. फुस्स! लाइट आल्यावर लावलं. मोटार सरळ उचलली. एमसीबी जागेवर.

"मतलब बाप बच गया तेरा," शेठ म्हणाले.
बबन म्हणाला, "शेठ, आता आम्हाला चहावरून बोलवायला माणूस ठेवा."

१३ मे
बाबांना सगळं सांगितलं, शेठ बोलले तेही. वाइंडिंग चोख आहे म्हटलं.

बाबा चुलीपाशी बसलेल्या आईकडे वळले. "ऐकलंस का रखमा? तू बांधलेली पहिली मोटार पास झाली."