लुब्लिनचा निकाल

वरणगाव, ४ जुलै २०२४

चि. मृणाली हीस नानाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

वि. वि. तुझे जूनचे पत्र काल पोचले. फोनवर तुझी आई रडते आणि मी 'बरं आहे' एवढेच म्हणतो, म्हणून पत्रच बरे. पोलिश भाषेच्या वर्षभराच्या वर्गात तुझ्या नावापुढे दोनाचा आकडा आहे, हे चष्मा पुसून पुन्हा वाचले. परक्या मुलखात दुसरा नंबर! माझ्या फॅक्टरीतल्या जुन्या मंडळींना पेढे वाटले. २१ तारखेला, आषाढी पौर्णिमेला, विहारात गुणवंतांचा सत्कार आहे. विहाराचे काम बघणाऱ्या शालिग्रामभाऊंनी तुझे नाव सगळ्यात वर घातले. तू नाहीस, तर बाप म्हणून मीच स्वीकारीन.

सात विभक्त्यांनी जीव नकोसा केला म्हणतेस. अगं, आपल्याकडे आठ आहेत, एक वाचली समज. आईचे गुडघे तसेच. वेळेवर जेव आणि आमच्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
नाना

लुब्लिन, २२ जुलै २०२४

तीर्थरूप नानांस मृणालीचा सविनय जयभीम.

वि. वि. सत्कार काल होऊन गेला असेल. नाना, मी नापास झालेय. इथे गुण दोनापासून पाचापर्यंत देतात. पाच उत्तम, तीन काठावर पास, दोन म्हणजे नापास. तुम्ही दुसरा नंबर समजाल हे मला माहीत होतं, तरी पुढे एक अक्षर लिहिलं नाही. आईने फोनवर पेढ्यांचं सांगितलं, तेव्हाही गप्प राहिले.

सप्टेंबरात फेरपरीक्षा आहे. पास झाले तर विद्यापीठात पहिल्या वर्षाला प्रवेश, नाहीतर परत यायचं. पण बसावंसंच वाटत नाही. आपल्याकडे दोन, दोघे, दोघी आहेत, तसे इथेही आहेत, वर त्या प्रत्येकाला विभक्त्या. दुकानात पाव मागतानाही आधी मनात वाक्य जुळवते, तोवर मागचा माणूस पुढे जातो. आमच्या बाई सांगतात, सव्वाशे वर्षं पोलंड हा देश नकाशावरच नव्हता, शेजाऱ्यांनी वाटून घेतला होता. शाळेत बंदी, म्हणून त्यांच्या पणजीला घराचे पडदे ओढून पोलिश शिकवलं. मला उघड्या खिडकीत शिकवतात, तरी येत नाही. फार थकलेय, नाना.

रागवा, पण माया तोडू नका.

आपली,
मृणाली

वरणगाव, १० ऑगस्ट २०२४

चि. मृणालीस आशीर्वाद.

पत्र मिळाले. तीन दिवस आईलाही दाखवले नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर, सत्कारात तुझ्या नावाने घेतलेले सन्मानचिन्ह शालिग्रामभाऊंपुढे ठेवले आणि उभा राहून सगळ्यांना सांगितले की माझी मुलगी नापास आहे, चूक माझ्या घरची आहे.

तुझ्या बाईंच्या पणजीचे वाचले. माझ्या आईने शाळेच्या ओट्याखाली उभे राहून अक्षरे ऐकली होती. तिला कुणी दोनसुद्धा दिले नाहीत. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. नापासाचे मला काही वाटले नाही, पोरी. बापाला सांगायला तुला महिना लागला, त्याने मी थकलो.

परीक्षा दे किंवा देऊ नकोस. यायचे ठरवलेस तर भुसावळ स्टेशनावर मी उभा असेन, आणि काही विचारणार नाही. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

नाना

लुब्लिन, २४ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप नानांस सविनय जयभीम.

वि. वि. परीक्षेला बसले. तोंडीला दोघी बाई आणि एक सर होते. घरच्या एखाद्या माणसाबद्दल बोला म्हणाले. विहारात उभं राहून मुलगी नापास असल्याचं सांगणाऱ्या माणसाबद्दल मी बोलले. विभक्त्या चुकत होत्या. आधी मराठीत वाक्य जुळवायचं राहूनच गेलं, सरळ बोलत गेले. त्यांनी मधेच चुका काढणं थांबवलं.

काल रात्री फोनवर आईला फक्त पास झाले म्हणाले. बाकीचं तुम्हाला लिहिते. पास म्हणजे तीन, काठावर. आणि पास म्हणजे अजून तीन वर्षं इथेच. भुसावळला तुम्ही उभे असाल, हे रोज मनात धरून अभ्यास केला, नाना, आणि आता मीच येत नाहीये.

माया असू द्या.

आपली,
मृणाली