निरोगी मुखाचा नमुना

२ डिसेंबर १९७४, सोमवार
आजपासून नियमित रोजनिशी. शाळेत सुपरवायझरची जागा जानेवारीत रिकामी होतेय. सायन्सचा सीनियर मीच. हेडसर म्हणाले, एकवीस तारखेचं विज्ञान प्रदर्शन कसं होतं ते बघू, मग ठरवू. म्हणजे ठरलंच. बोलता बोलता ते पार खिडकीपर्यंत मागे सरकले. माझा वचक हेडसरांनाही वाटतो, हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

४ डिसेंबर
उजवीकडची खालची दाढ ठणकतेय. थंडीमुळे.
नववीला 'सूक्ष्मजंतू' शिकवला. किडीच्या भोकातून जंतू दाढेच्या मुळात कसे उतरतात, आतली नस कशी कुजते, हिरडीत पू कसा साठतो, सगळं रंगीत खडूंनी. पहिले दोन बाक पोरांनी आपणहून रिकामे सोडले होते. चौदा वर्षांच्या नोकरीचं चीज झालं.

५ डिसेंबर
शिपाई कृष्णात हल्ली पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवतो आणि पळतो. आज थांबला. म्हणे, 'सर, राग मानू नगासा, पर दाताचं जरा बघा की. लई वास येतोय.' वास! पेठ वडगावहून येणारा, बाभळीच्या काडीनं दात घासणारा माणूस मला, बी.एस्सी. बी.एड.ला, वास शिकवतो. हेडसरांकडे लेखी तक्रार केली. मेमो द्यावा असं सुचवलंय. व्यक्तिगत राग नाही, शिस्त म्हणून.

८ डिसेंबर, रविवार
मटण. नळी फोडताना कळ थेट कानात गेली. मटणवाला हल्ली म्हातारी बकरी कापतो. लवंगतेलाचा बोळा. संकल्प: यापुढे डाव्या बाजूनेच चावणे.

११ डिसेंबर
सुचलं! दोन मायक्रोस्कोप, दोन स्लाइड, दोन माणसांच्या दातांवरचा मळ. एकीवर लेबल 'निरोगी मुख', दुसरीवर 'रोगट मुख'. निरोगी अर्थात माझं. रोगट म्हणून कृष्णात. गणिताच्या कालिंदीबाईंना कल्पना सांगितली तर त्यांनी पदर नाकाशी नेला. लाजल्या. म्हणाल्या, स्लाइड आधी एकदा स्वतः बघून घ्या. सहा वर्षांनी ज्युनियर आहेत, सल्ले मात्र सीनियर.

१७ डिसेंबर
उजवा गाल भरलाय. तब्येत सुधारतेय. रात्री झोप नाही, तोंडाला कडवट चव. मीठपाण्याच्या गुळण्या. दातांच्या डॉक्टरकडे प्रदर्शनानंतर नक्की. आत्ता वेळ नाही. शिवाय ही मंडळी चांगले दातही उपटतात.

२१ डिसेंबर, सकाळी साडेआठ
स्लाइड तयार. माझ्या स्लाइडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी महाद्वार रोडच्या बाजारात असते तशी गर्दी. गोल, लांबट, मळसूत्री, सगळे वळवळताहेत. कृष्णातच्या स्लाइडवर चार-दोन ठिपके, तेही गप्प. काच नीट धुतली गेली नसणार. नवी काच, नवा नमुना. तीच गर्दी, शिवाय रक्त. पाहुणे दहाला येणार. लेबलं बदलली. विज्ञानात निष्कर्ष महत्त्वाचा, आणि निष्कर्ष मला आधीपासून माहीत होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा
प्रमुख पाहुणे दातांचे डॉक्टर आहेत, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.
'रोगट मुख' बघताना ते भिंगावरून डोळा काढेनात. कुणाचं, विचारलं. मी कृष्णातकडे बोट केलं. दोनशे पोरं हसली, पालकही हसले. कृष्णातची मुलगी सहावीच्या रांगेत होती, ती खाली बघायला लागली. मला लाज वाटली. पण बोट एकदा दाखवल्यावर मागे घेता येत नाही.
डॉक्टरांनी कृष्णातला उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं. बत्तीसच्या बत्तीस, हिरड्या गुलाबी. 'ही स्लाइड या तोंडाची नव्हे,' असं मोठ्यानं म्हणाले आणि कशासाठी तरी माझ्याकडे आले. दोन पावलांवर थबकले. नाकाला रुमाल लावला. मग मला तोंड उघडायला सांगितलं, अंगठ्यानं हिरडी दाबली. पू आला. पायरिया म्हणाले, दाढेच्या मुळाशी गळू, बरेच दात जाणार. पुढे म्हणाले, मुलांना हे चित्रावरून कधी कळत नाही, रांग लावा.
पाचवी अ पासून दहावी क पर्यंत. पाऊण तास तोंड उघडं. टॉर्च कालिंदीबाईंनी धरला होता. कृष्णातची मुलगी आली, तिनं सगळं नीट बघून घेतलं आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

३० डिसेंबर
वरचे पुढचे सगळे गेले, खालचे सात. पेज. डॉक्टर म्हणतात, अजून महिनाभर थांबला असता तर जबड्याचं हाड गेलं असतं. म्हणजे मी वेळेवर गेलो.
प्रदर्शनाला जिल्ह्यात पहिलं बक्षीस. परीक्षकांनी 'जिवंत नमुन्याचं' खास कौतुक केलंय. जागा आता कोण अडवतो!

२० जानेवारी १९७५, सोमवार
कालिंदीबाई सुपरवायझर.
त्यांच्या सहीचा पहिलाच कागद माझ्या नावे: लेबलं बदलल्याबद्दल कृष्णातची स्टाफरूममध्ये माफी मागावी. सात मसुदे केले. सातवा उत्तम उतरला होता, त्यात 'अनवधानाने' हा शब्द दोनदा होता. कृष्णातनं घडी न उलगडताच परत दिला. म्हणाला, 'कागुद नगो सर. तोंडानं म्हणा की.'
म्हटलं. वरचे दात नसले की 'च' उमटत नाही, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. 'चुकलो' म्हणायला गेलो, 'हुकलो' आलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा 'हुकलो'. तिसऱ्यांदा सगळा जोर लावला.
कृष्णात म्हणाला, 'व्हय सर, त्ये बी खरंच हाय.'